गाठ काढल्यानंतरचा पहिला तास : सर्जन मंडळींना खुले पत्र

प्रति,
जिल्ह्या-तालुक्याच्या गावांत स्तनाच्या कॅन्सरची ऑपरेशन्स करणारे सर्जन, नर्सिंग होमचे मालक आणि ओटीतल्या सिस्टर

विषय : पीस (ऑपरेशनमध्ये काढलेला भाग) फॉर्मॅलिनमध्ये (तो टिकवणाऱ्या द्रावणात) कधी आणि कसा टाकावा याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी हिस्टोपॅथॉलॉजीची, म्हणजे काढलेले भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची, लॅब चालवते. तुमच्यापैकी अनेकांशी माझं वरचेवर फोनवर बोलणं होतं आणि त्यात एक प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, मार्कर्स कधी मिळतील?" मार्कर्स मिळतात. चार-पाच दिवस लागतात, पण मिळतात. मला बोलायचंय ते त्याच्या कितीतरी आधीच्या एका तासाबद्दल. गाठ शरीराबाहेर आल्यापासून ती फॉर्मॅलिनमध्ये नीट बुडेपर्यंत जो वेळ जातो, त्यात मार्कर्सचं, म्हणजे पुढचं औषध ठरवणाऱ्या ईआर, पीआर (हॉर्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू (गाठीची वाढ वेगवान करणारं प्रथिन) यांचं, बरंचसं उत्तर ठरून गेलेलं असतं. नंतर मी कितीही चांगली अँटीबॉडी वापरली, कितीही महागडं मशीन घेतलं, तरी गेलेला तास मला भरून काढता येत नाही.

माझ्या टेबलावर पीस कसे येतात, ते तुमच्यापैकी बहुतेकांनी कधी पाहिलेलं नाही. पाहण्याचं कारणही नाही, तोवर तुम्ही पुढच्या केसला हात घातलेला असतो. म्हणून सांगते. एप्रिलची दुपार. पेशंटचा जावई एसटीने आलाय, हातात दुकानाची पिशवी, पिशवीत प्लास्टिकची बाटली. बाटलीचं तोंड जेमतेम चार बोटं रुंद आणि आत अख्खा स्तन कोंबलेला. आत जाताना तो ताजा होता, मऊ होता, म्हणून गेला. आता फॉर्मॅलिनने कडक झालाय, बाहेर येत नाही. आम्ही बाटलीच कापतो. फॉर्मॅलिन तळाला बोटभर, तेही लालसर. वरचा अर्धा पीस कोरडा. फॉर्मवर नाव, वय, "डावीकडे गाठ, कॅन्सर आहे का पाहणे". ऑपरेशन किती वाजता झालं, पीस फॉर्मॅलिनमध्ये किती वाजता गेला, याच्या जागा मोकळ्या. जावयाला विचारलं तर म्हणतो, "काल दुपारी झालं, मॅडम. डॉक्टर म्हणाले उद्या नेऊन द्या." सुरी फिरवली की बाहेरचा पाव इंच करडा आणि घट्ट लागतो, आतला गाभा मऊ, तपकिरी, वास येणारा. आणि गाठ बरोबर त्या गाभ्यात असते.

दुसरा नमुना सलाइनचा. गॉजमध्ये गुंडाळून, सलाइन ओतून, पिशवीला रबरबँड. हे करणाऱ्याला मनापासून वाटत असतं की आपण पीस ओला ठेवून चांगलंच केलं. सलाइन पीस ओला ठेवतं, टिकवत नाही. बाजारातून आणलेलं मटण तुम्ही पाण्यात बुडवून चार तास चव्वेचाळीस डिग्रीत ठेवाल का?

रक्तपुरवठा तुटला की पेशी लगेच मरत नाहीत, त्या स्वतःला पचवायला लागतात. आतली विकरं मोकळी होतात, आम्लता वाढते, प्रथिनं तुटू लागतात. सगळी एका वेगाने तुटत नाहीत, म्हणूनच ही गोष्ट फसवी आहे. नेहमीच्या गुलाबी-निळ्या स्लाइडवर पेशी बऱ्यापैकी दिसतात. कॅन्सर आहे, ग्रेड (पेशी किती बिघडल्या आहेत त्याची पायरी) अमुक, हे मी सांगू शकते. पण केंद्रकातली पीआर आणि ईआर ही प्रथिनं त्याआधीच ओसरायला लागलेली असतात. पीस नुसता बाहेर पडून राहिला तर साधारण तासाभरात पीआरला आणि दोनेक तासांत ईआरला फरक पडतो, असं मुद्दाम वेळ मोजून केलेल्या प्रयोगांत दिसलंय. जगभर पाळला जाणारा अमेरिकी दंडक त्यावरूनच आलाय : पीस बाहेर आल्यापासून एक तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये, आणि फॉर्मॅलिनमध्ये किमान 6 तास, जास्तीत जास्त 72. हा दंडक तुम्हाला माहीत नाही असं मी म्हणत नाही. ओटीत तो कुणाचं काम आहे हे ठरलेलं नाही, एवढंच म्हणते.

आता आमच्याकडे पुढे काय होतं ते. पीसचे तुकडे मेणात बसतात, त्यालाच आम्ही ब्लॉक म्हणतो, त्यांचे तीन-चार मायक्रॉनचे काप काचेवर चढतात. फॉर्मॅलिनने प्रथिनं एकमेकांना बांधून टाकलेली असतात, ती मोकळी करायला स्लाइड्स सायट्रेट बफरमध्ये उकळाव्या लागतात. मोठ्या लॅबमध्ये त्याला मशीन असतं, माझ्याकडे अनेक वर्षं स्वयंपाकघरातलाच प्रेशर कुकर होता आणि तो उत्तम काम करायचा. मग त्या-त्या प्रथिनाला चिकटणारी अँटीबॉडी, मग रंग. जिथे ईआर आहे तिथे केंद्रक तपकिरी होतं. 100 पेशींत एक जरी नीट तपकिरी दिसली तरी आजच्या नियमाने ईआर पॉझिटिव्ह. 1 ते 10 टक्के असेल तर 2020 पासून 'लो पॉझिटिव्ह' असं वेगळं लिहायचं. म्हणजे पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह यांच्यातली भिंत किती पातळ आहे बघा. पीस अर्धवट फिक्स झालेला, म्हणजे फॉर्मॅलिन पुरतं न मुरलेला, असेल तर त्याच स्लाइडवर कडेची गाठ तपकिरी आणि मधली गाठ कोरी दिसते. ट्यूमर एकच, बाई एकच. फॉर्मॅलिन मिलिमीटरभर आत जायला सुमारे तास घेतं, ते मध्यापर्यंत पोहोचलंच नाही. आणि चुकून मी ब्लॉक नेमका त्या मधल्या भागातूनच घेतलेला असला तर?

सुदैवाने स्लाइडवर एक पहारेकरी असतो. गाठीच्या आजूबाजूला निरोगी दूधनलिका असतात आणि त्यांच्या काही पेशींत ईआर असायलाच हवा. गाठ कोरी आणि नलिका तपकिरी, तर गाठ खरोखर निगेटिव्ह. गाठही कोरी, नलिकाही कोऱ्या, तर टेस्टच झालेली नाही. याचा रिपोर्ट "ईआर निगेटिव्ह" असा देणं म्हणजे थर्मामीटर न लावता ताप नाही म्हणणं. आमच्या बिरादरीतही असे रिपोर्ट निघतात, हे इथे सांगायला मला संकोच नाही. पेशंटला केमोची तारीख दिलेली असते, सर्जनचा फोन चालू असतो, आणि "अर्थ लावता येत नाही" हे कुणालाच ऐकायचं नसतं.

या एका तपकिरी रंगावर काय काय लटकलेलं आहे, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, पण आकडे एकदा पुन्हा समोर ठेवते. ईआर पॉझिटिव्ह बाईने पाच वर्षं टॅमॉक्सिफेन ही हॉर्मोनला अडवणारी गोळी घेतली तर पुढच्या 15 वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू येण्याचं प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने उतरतं. 2011 साली 20 चाचण्यांतल्या 21 हजारांवर बायकांची माहिती एकत्र करून हे निघालं. ईआर निगेटिव्ह बाईला त्याच गोळीचा काडीचा उपयोग नाही. रोजची एक गोळी, काही रुपयांची, जी तालुक्याच्या मेडिकलवर मिळते. कॅन्सरच्या औषधांत इतक्या कमी पैशांत इतके जीव वाचवणारं दुसरं औषध मला माहीत नाही. आणि ते कुणाला द्यायचं हे फक्त त्या तपकिरी रंगावरून कळतं.

ईआर केवळ औषध सांगत नाही, आजाराची चालही सांगतो. निगेटिव्ह आजार परतला तर बहुधा पहिल्या पाच वर्षांत परततो, त्यानंतर धोका झपाट्याने खाली येतो. पॉझिटिव्ह आजार सुरुवातीला शांत वाटतो, पण त्याचं शेपूट लांब आहे. 2017 मध्ये 88 चाचण्यांतल्या 62,923 बायकांचा पाठपुरावा छापून आला. त्या सगळ्यांनी पाच वर्षं हॉर्मोनची गोळी घेतली होती आणि तेव्हा त्या आजारमुक्त होत्या. तरीही पाचव्या ते विसाव्या वर्षापर्यंत आजार शरीरात इतरत्र उमटत राहिला. गाठीचा आकार, काखेतल्या गाठी आणि ग्रेड यांनुसार 10 पासून 41 टक्क्यांपर्यंत. "पाच वर्षं झाली, आता सुटलात" हे वाक्य आपण पेशंटला किती सहज बोलतो. ते कुणाला बोलायचं आणि कुणाला नाही, हेही त्याच स्लाइडवर लिहिलेलं असतं.

हर-टूची गोष्ट तर अजून ठळक. 1987 मध्ये लॉस एंजेलिसच्या डेनिस स्लेमन यांनी 189 गाठी तपासून दाखवलं, की ज्यांत हर-टूचं जनुक वाढलेलं आहे त्या बायकांचा आजार लवकर परततो आणि त्या लवकर जातात. त्या वेळी ही निव्वळ वाईट बातमी होती. 1998 मध्ये ट्रॅस्टुझुमॅब हे हर-टूवरच नेम धरणारं औषध आलं आणि तीच वाईट बातमी उपचाराचं दार झाली. सुरुवातीच्या टप्प्यातल्या हर-टू पॉझिटिव्ह बायकांत केमोसोबत ट्रॅस्टुझुमॅब दिलं तर दहा वर्षांनी 84 टक्के हयात होत्या, नुसत्या केमोवर 75.2 टक्के. आपल्याकडे या औषधाची देशी आवृत्ती आल्याला दहा वर्षं होऊन गेली, किंमत उतरली, त्यामुळे हे आता फक्त पुण्या-मुंबईचं बोलणं राहिलेलं नाही.

आणि 2022 पासून आणखी एक पेच पडलाय. पूर्वी हर-टूचा रिपोर्ट झीरो ते थ्री प्लस या मोजपट्टीवर झीरो आला काय आणि वन प्लस आला काय, दोन्ही निगेटिव्ह, कुणी वाचतसुद्धा नव्हतं. आता पसरलेल्या आजारात वन प्लसवालीला ट्रॅस्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन, म्हणजे केमोचं औषध जोडलेलं ट्रॅस्टुझुमॅब, देता येतं. या औषधाच्या चाचणीत निम्म्या बायका हयात असण्याचा काळ 16.8 महिन्यांवरून 23.4 महिन्यांवर गेला. औषध आज आपल्या पेशंटच्या आवाक्याबाहेर आहे, मान्य. ट्रॅस्टुझुमॅबही एके काळी होतं. झीरो आणि वन प्लस यांच्यातला फरक म्हणजे पेशीच्या कडेला पुसटशी, तुटक, तपकिरी रेघ. सडलेल्या पीसवर ती रेघ सहज पुसली जाते.

स्टेजचंही तेच. स्टेज ठरवण्याच्या अमेरिकी नियमावलीच्या, 2018 च्या सुरुवातीपासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीत स्तनाच्या कॅन्सरच्या स्टेजमध्येच ग्रेड, ईआर, पीआर आणि हर-टू घेतलेत. दोन सेंटिमीटरची गाठ, काख स्वच्छ, ग्रेड तीन. मार्कर्स तिन्ही निगेटिव्ह असतील तर ती 'वन ए'मधून 'वन बी'मध्ये जाते. तुम्ही डिस्चार्ज कार्डावर लिहिता ती स्टेजच माझ्या रंगावर, म्हणजे पर्यायाने तुमच्या ट्रॉलीवरच्या घड्याळावर अवलंबून आहे.

गंमत अशी, की ही टेस्ट नवीन होती तेव्हा सगळे घाईत असायचे. शिकागोच्या एलवूड जेन्सन यांनी हॉर्मोनला धरून ठेवणारा हा रिसेप्टर शोधला, त्यानंतर बरीच वर्षं तो मोजायला ताजा, गोठवलेला पीस लागायचा. गाठ बाहेर आली की माणूस ती घेऊन बर्फाकडे पळायचा, कारण उशीर झाला तर टेस्टच होत नसे. मग मेणाच्या ब्लॉकवर टेस्ट होऊ लागली, खेड्यापाड्यांतल्या पीसवरही करता येऊ लागली, आणि घाई संपली. आता टेस्ट नेहमीच "होते". खोटी झाली तरी होते.

ती खोटी झाल्यावर काय होतं, याचा पुरावा कॅनडाने जाहीरपणे मांडून ठेवलाय. न्यूफाउंडलंड प्रांतातल्या सेंट जॉन्स शहरात 1997 ते 2005 या काळात हॉर्मोन रिसेप्टरच्या टेस्ट झाल्या. 2005 मध्ये एका पेशंटची निगेटिव्ह टेस्ट पुन्हा केली, ती पॉझिटिव्ह निघाली. मग आणखी काही केल्या, त्याही उलटल्या. शेवटी हजारभर पेशंटचे ब्लॉक टोरोंटोच्या माउंट सायनाय हॉस्पिटलला गेले आणि साडेतीनशेहून जास्त जणींचे रिपोर्ट चुकीचे ठरले. त्यांतल्या शंभराहून अधिक जणी तोवर गेलेल्या होत्या. टॅमॉक्सिफेन मिळालं असतं तर त्यांतल्या किती राहिल्या असत्या, हे आता कोण सांगणार? न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या आयोगाचा अहवाल 2009 मध्ये आला. त्यात एक खलनायक सापडत नाही. फिक्सेशनवर लक्ष नाही, कंट्रोल स्लाइडचा (ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे अशा पडताळणीच्या स्लाइडचा) हिशेब नाही, तंत्रज्ञ बदलत राहिले, निगेटिव्हचं प्रमाण वाढतंय हे कुणी मोजलं नाही. श्रीमंत देश, सरकारी खर्चाने चालणारी आरोग्यव्यवस्था, ब्लॉक जपून ठेवलेले, म्हणून निदान कळलं तरी. आपल्याकडे पाच वर्षांनी ब्लॉक शोधायला गेलं तर निम्म्या वेळा तो नातेवाइकांच्या कपाटात असतो किंवा उन्हाळ्यात वितळून पिशवीला चिकटलेला.

भारतात दर वर्षी स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे 1 लाख 92 हजार नव्या पेशंट सापडतात आणि सुमारे 98 हजार बायका त्याने मरतात, असा 2022 चा जागतिक अंदाज आहे. आपल्याकडे तिन्ही मार्कर्स निगेटिव्ह असण्याचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास सांगितलं जातं, युरोप-अमेरिकेत ते त्याच्या निम्मं. यातला काही भाग अगदी खरा आहे. आपल्या बायकांना हा आजार साधारण दहा वर्षं लवकर गाठतो आणि कमी वयातला आजार जास्त वेळा तिहेरी निगेटिव्ह असतो. पण सगळाच भाग खरा आहे यावर माझा विश्वास नाही. त्यातला काही आपल्या पिशव्यांनी आणि रबरबँडांनी तयार केलेला आहे. नीट फिक्स केलेल्या ट्रूकट बायोप्सीवर (जाड सुईने काढलेल्या तुकड्यांवर) ईआर भरघोस पॉझिटिव्ह आणि त्याच बाईच्या ऑपरेशनच्या पीसवर पुसट, असं ज्याने एकदा पाहिलंय त्याला हा संशय सोडत नाही.

इथे थोडं विषयांतर करते. तुमच्यापैकी जे सीएमईला (डॉक्टरांच्या अभ्यासवर्गांना) जातात ते परत येऊन मला नव्या प्रथिनांबद्दल विचारतात. अमुक वाढलं तर पेशंट कमी जगतो म्हणे, ते लावता का? आमच्या एमडीच्या थिसिसमध्येही हाच प्रकार : कुठलं तरी प्रथिन, पन्नास-साठ केसेस, आणि शेवटी "जगण्याशी लक्षणीय संबंध आढळला". 2007 मध्ये छापलेल्या एका पाहणीत कॅन्सरच्या अशा मार्कर्सवरचे दीड हजारांहून जास्त लेख तपासले, तर नव्वद टक्क्यांहून अधिक लेखांत काही ना काही लक्षणीय सापडलेलंच होतं. सगळेच जर भविष्य सांगतात, तर दवाखान्यात वापरात तीन-चारच का? केआय-67 चं उदाहरण घ्या. 1983 मध्ये जर्मनीतल्या कील शहरात सापडलेली ही अँटीबॉडी, 67 हा तिच्या क्लोनचा आकडा. किती पेशी विभाजनाच्या चक्रात आहेत ते सांगते, आजाराच्या वेगाचा अंदाज देते, सगळं खरं. पण 14 टक्के आणि 20 टक्के यांवर दोन पॅथॉलॉजिस्टांचं एकमत होणं अवघड. हे मोजण्याचं काम वर्षानुवर्षं करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटानेही शेवटी एवढंच म्हटलं, की 5 किंवा त्याहून कमी आणि 30 किंवा त्याहून जास्त असेल तर भरवसा ठेवा. तरी फोनवर मला ईआरच्या आधी केआय-67 विचारणारे आहेत. जुनी तीन प्रथिनं नीट वाचता येतील असा पीस आधी पाठवा, चौथ्याचं मग बघू.

"आम्ही सगळं पुढे टाटालाच पाठवतो" असं काही जण म्हणतात. ब्लॉक परळला जातो, हे खरं. पण तो ब्लॉक तुमच्याच पीसचा असतो. तिथलं मशीन आणि तिथले डोळे माझ्यापेक्षा चांगले असतील, पण जे प्रथिन एसटीच्या डिकीत विरघळलं ते परळमध्ये परत उगवत नाही. पेशंटचा एक महिना आणि मुंबईचं भाडं तेवढं जातं.

दुसरं कारण मला कळतं आणि त्याबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही. आपल्याकडे पीस नातेवाइकांना दाखवावा लागतो. किडनी ट्रेमध्ये घेऊन सिस्टर बाहेर येते, नवरा औषधं आणायला गेलेला असतो, "तो येऊ द्या" म्हणतात, मग दीर येतो, मोबाइलवर फोटो निघतो. त्यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. दाखवणं बंद करा असं मी म्हणणार नाही, ज्या गावात डॉक्टरवर विश्वास असाच टिकतो तिथे ते शक्यही नाही. पण पीस बरणीत, फॉर्मॅलिनमध्ये बुडवून दाखवता येतो. पारदर्शक बरणी असली की झालं. नवरा तासाने आला तरी हरकत नाही.

आणि बरणी रुंद तोंडाची हवी. पीसच्या निदान दहापट फॉर्मॅलिन मावेल एवढी. अख्खा स्तन काढला असेल तर मागच्या बाजूने, छातीच्या भिंतीकडच्या अंगाने, सेंटिमीटर-सेंटिमीटरवर उभे छेद द्या, कातडी अखंड ठेवा, छेदांत गॉजच्या पट्ट्या सरकवा, म्हणजे फॉर्मॅलिन आत शिरेल. त्याआधी टाके घाला : आखूड वरच्या टोकाला, लांब बाहेरच्या बाजूला. दिशा राहिली की छेदांनी माझं काही बिघडत नाही. स्तन राखून फक्त गाठ काढली असेल तर मात्र सुरी लावू नका, कडा मला शाईने रंगवायच्या असतात. तेव्हा फोन करा आणि लगेच पाठवा. लांब असाल तर फॉर्मॅलिनमध्ये टाकून पाठवा.

फॉर्मॅलिन म्हणून जे ओटीच्या कोपऱ्यातल्या कॅनमध्ये असतं, त्याबद्दल एक शब्द. बाजारातलं फॉर्मॅलिन नळाच्या पाण्यात अंदाजाने मिसळलेलं, महिनोन्‌महिने उघडं, आम्ल झालेलं. त्याने स्लाइडवर काळपट रंग साचतो आणि प्रथिनं बिघडतात. 100 मिली फॉर्मॅलिन, 900 मिली डिस्टिल्ड वॉटर, त्यात 4 ग्रॅम मोनोबेसिक आणि 6.5 ग्रॅम डायबेसिक सोडियम फॉस्फेट : एवढंच ते बफर्ड फॉर्मॅलिन. कुठलाही केमिस्ट्रीचा विद्यार्थी करून देईल. ऑपरेशनच्या बिलात त्याचा खर्च शोधूनही सापडणार नाही.

याहूनही सोपा मार्ग आहे आणि तुमच्यातले काही जण तो धरू लागलेत, त्यांना माझा नमस्कार. ऑपरेशनच्या आधी ट्रूकट बायोप्सी घ्या. सुतासारखे चार तुकडे, काढता क्षणी फॉर्मॅलिनमध्ये, दोन मिनिटांचं काम. पातळ असल्यामुळे फॉर्मॅलिन लगेच आरपार जातं, मार्कर्स भरवशाचे येतात, आणि गाठ न तपासता "कापून बघू" म्हणून काढायची जुनी सवयही त्यातून सुटते. केमो आधी द्यायची की ऑपरेशन आधी, हेही मार्कर्सवरून ठरू शकतं. त्यातून ऑपरेशनचा पीस कधी खराब आलाच तरी त्या बाईचं उत्तर माझ्याकडे आधीच असतं.

स्वस्त आणि साध्या गोष्टींना आपण सर्जन लोक नाक मुरडतो, असं तुमच्यातल्याच एका ज्येष्ठांनी मला हसत सांगितलं होतं. मला ते पूर्ण पटत नाही. टाटा हॉस्पिटलमधल्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी स्तनाची गाठ काढण्याआधी तिच्याभोवती लिग्नोकेन हे साधं भुलीचं औषध टोचून पाहिलं. 11 केंद्रं, सुमारे 1,600 बायका, पाच वर्षांनी हयात 86.4 टक्क्यांऐवजी 90.1 टक्के. 2023 मध्ये निष्कर्ष छापले तेव्हापासून तुमच्यातल्या कित्येकांनी ते टोचायला सुरुवात केली, मला फॉर्मवर लिहिलेलं दिसतं. ओटीतल्या ट्रॉलीवरचं एक स्वस्त इंजेक्शन तुम्ही वर्षभरात अंगवळणी पाडलंत, तर त्याच ट्रॉलीवर एक बरणी का बसू नये?

शनिवार संध्याकाळचा प्रश्न राहतो. मोठ्या गावाहून व्हिजिटला येणारे सर्जन बहुधा तेव्हाच येतात, आणि रविवारी लॅब बंद. अशा वेळी पीस सोमवारपर्यंत चांगल्या फॉर्मॅलिनमध्ये राहिला तरी चालेल, 72 तासांच्या आत आहे. फ्रिजमध्ये, नुसता, सोमवारची वाट पाहत राहिलेला नको.

फॉर्मवर आता दोन नव्या चौकटी छापून घेतल्या आहेत. गाठ बाहेर आल्याची वेळ आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ. त्या सर्जननेच भराव्यात असं नाही. मला विचाराल तर सिस्टरने भरलेल्या जास्त खऱ्या असतील, कारण गॉज-हत्यारांचा काउंट लिहिताना घड्याळ तिच्यासमोरच असतं. पुढच्या महिन्यापासून मी रिपोर्टात या वेळा छापणार आहे. वेळ नसेल तर "वेळ नोंदवलेली नाही" असं छापणार आहे. आणि निरोगी नलिका कोऱ्या असतील तर ईआर निगेटिव्ह असं लिहिणार नाही, "पीस या टेस्टसाठी योग्य नाही, पुन्हा बायोप्सी घ्यावी" असं लिहीन. नातेवाईक तुमच्याकडे येतील, चिडतील, मला त्याची कल्पना आहे. त्यांना माझा नंबर द्या, समजावून सांगणं माझं काम.

गावातल्या इतर पॅथॉलॉजिस्टांशीही माझं बोलणं झालंय. आळीपाळीने कुणाच्याही ओटीत येऊन सिस्टर आणि वॉर्डबॉयना अर्ध्या तासात सगळं दाखवायला आमची तयारी आहे. बफर्ड फॉर्मॅलिनचे पाच लिटरचे कॅन आणि रुंद तोंडाच्या पारदर्शक बरण्या आमच्या लॅबमध्ये भरून ठेवल्या आहेत. त्यांचे पैसे घेणार नाही, रिकामी बरणी पीसबरोबर परत आली की भरलेली मिळेल. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मेसेज टाका, आमचा मुलगा सकाळी पोहोचवेल. तालुक्याच्या गावी एसटीने पाठवायची सोय करतोय, डेपोत बोलणं चालू आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
जिल्ह्यातली एक पॅथॉलॉजिस्ट